स्कूटरवरचा प्रधान

शार्दूलने चहाचा पेला सरळ मत्स्यावतारावर ठेवला.

मुद्दाम नव्हे. हातात गरम पेला होता, समोर ओसरीवर एक गोल, जाडसर, लाखेने चकाकणारी वस्तू पडली होती, त्याने ठेवून दिला. आबांनी पेला उचलला, त्याच्या हातात परत दिला आणि पंच्याच्या टोकाने मत्स्याचं तोंड पुसलं.

"सॉरी आबा," शार्दूल म्हणाला. "पण बघितलंत ना, कसा बरोबर बसला? मी ह्याच्यासाठीच आलोय."

आबा म्हणजे माझे सासरे, यशवंत चितारी. सावंतवाडीच्या बाजूला आमचं गाव आणि घरात पिढ्यान्‌पिढ्या गंजिफा रंगवायचा धंदा. गंजिफा म्हणजे पत्तेच, फक्त गोल. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात एक राजा, एक घोड्यावर बसलेला प्रधान आणि मग आकड्यांची पानं. खेळणारे कधीच संपले होते. आता लोक ते नेऊन काचेच्या चौकटीत लावत.

शार्दूल परुळेकर पुण्यात वाढला, परदेशात कुठेतरी बिअर करायला शिकला आणि परत येऊन आमच्या गावाबाहेरची बंद पडलेली काजूची फॅक्टरी भाड्याने घेऊन त्याने तिथे ब्रुअरी काढली. एक बिअर कोकम घातलेली, एक गूळ घातलेली आणि एक नुसती. गोव्याला जाणाऱ्या गाड्या तिथे थांबायला लागल्या होत्या. गावाने मात्र जागेचं नाव बदललं नव्हतं. "काजूफॅक्टरीत पिवन इलंय," असंच लोक सांगत.

"ग्लासाखाली ठेवायच्या चकत्या हव्यात," शार्दूल म्हणाला. "हाताने रंगवलेल्या, इथल्याच. छापील काय, कुठूनही मागवता येतील."

"ग्लासाखाली देव?" आबांनी विचारलं.

"तसं नाही आबा..."

"मगे कसा?"

शार्दूलने उरलेला चहा एका घोटात संपवला. मला वाटलं, आता हा उठणार. पण आबाच म्हणाले, "देव नको. बाजारातली माणसां काढूया. माणसांच्या डोक्यार काय ना काय असताच."

"म्हणजे बिअरसाठी काढलेलं तुम्हाला चालेल?"

"आमचो धंदोच पत्त्यांचो रे. माझ्या आज्याच्या वेळेक ह्या पत्त्यांर लोकांनी माड हरले. मी खंयच्या तोंडान बोलू?"

शार्दूल हसला. मग त्याची नजर आबांच्या हातांकडे गेली. ते हात कापायला लागून वर्ष उलटलं होतं, ब्रश धरला तर रेघ वाटेल तिथे जायची. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"वहिनी काढतील?"

मी हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर कारण सांगत बसावं लागलं असतं.

आमच्या घरात रेघ दिगंबरची आणि रंग माझा. दिगंबर माझा नवरा. तो चेहरे, घोडे, रथ सगळं आखून द्यायचा आणि मी भरायची, घोटायची, लाख चढवायची. त्या वर्षी फाल्गुनात तो बागेत काजू गोळा करायला गेला आणि माकडताप घेऊन आला. आधी साधा ताप वाटला. मग हॉस्पिटल, मग आणखी मोठं हॉस्पिटल, आणि मग गाडीतून घरी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. मूल नव्हतं. घरात उरलो आबा आणि मी.

मी रडले नाही. ह्याची गावात बरीच चर्चा झाली. "सून रडाक नाय," असं बायका माझ्यादेखत एकमेकींना सांगत, जणू मी तिथे नव्हतेच. खरं तर मी नव्हतेच. भात लावायची, आबांना वाढायची, भांडी घासायची, आणि संध्याकाळी आठवायला गेलं तर दिवसभरात काय केलं ते आठवायचं नाही. दुःख झालं होतं का, तेही मला नक्की सांगता आलं नसतं. बधिर झालेल्या दाताला जीभ लावावी तसं काहीसं होतं. दात आहे हे कळतं, एवढंच.

माझा भाऊ विनयदादा लांज्याहून दर रविवारी फोन करायचा.

"वैजू, वर्षश्राद्धापर्यंत थांबायचं कारण नाही. तुळशीची लग्नं झाली की मी गाडी घेऊन येतो."

"आबांचं काय?"

"त्यांचे पुतणे आहेत ना कुडाळला? म्हातारा सासरा आणि तरुण विधवा सून, एका घरात. लोक काय बोलतात ते मला इथे ऐकू येतं. तुला तिथे ऐकू येत नाही?"

"येतं."

"मग? तुला तिथे काम तरी काय आहे?"

"चकत्या रंगवायच्यात," मी म्हटलं.

दादा हसला नाही. "हे बघ, धड काही काम असेल, पायावर उभी राहणार असशील, तर मी एक शब्द बोलणार नाही. पण दारूच्या ग्लासाखालच्या चकत्या म्हणजे काही काम नव्हे."

त्याचं चुकत नव्हतं. पण मला जायचं नव्हतं. इतर कशाचंच काही वाटत नव्हतं, पण लांज्याच्या घरातली जिन्याखालची खोली डोळ्यांपुढे आली की माझे हात गार पडायचे. त्या घरात मी कायमची आलेली बहीण होणार होते. इथे निदान मला बसायला पाट होता आणि समोर रंगांच्या करवंट्या होत्या. आबा ह्या विषयावर काही बोलत नसत. फोन चालू असला की ते उठून गोठ्याकडे जात. गोठ्यात गुरं राहिली नव्हती, तरी जात.

मग मी कामाला लागले. जुन्या धोतराचं कापड, चिंचोक्याची खळ, खडूची पूड. थरावर थर देऊन वाळवायचं, गोल कापायचं, दगडाने घोटायचं. हे सगळं हातांना पाठ होतं. रेघ मात्र मी कधी ओढली नव्हती. आबा शेजारी बसून सांगत. "नाक लांब. डोळो माशासारखो. हनुवटी खाली नको." गंजिफातली माणसं एका बाजूने दिसतात आणि सगळी एकसारखी दिसतात. राजाचं नाक आणि प्रधानाचं नाक एकच. ती कुणासारखी काढायचीच नसतात. मला हे बरं वाटलं. कुणाचाही चेहरा आठवायची गरज नव्हती.

बारा चकत्या ठरल्या होत्या. पाटी घेतलेली कोळीण काढली. कासार काढला. काजू फोडणारी बाई, शाळेचे गुरुजी, रंग न उतरवता विडी ओढणारा दशावतारी राजा. अकरा झाल्या आणि बारावीला कोणी सुचेना.

"प्रधान काढ," आबा म्हणाले. "प्रधानाशिवाय डाव कसो?"

"बाजारात घोडा कुठला?"

"घोडो नसात तर काय असात ता काढ."

मी स्कूटर काढली. घोड्याच्या जागी स्कूटर, वर फेटा बांधलेला प्रधान, तेच लांब नाक, तोच माशाचा डोळा. स्कूटरला हिरवा रंग दिला, कारण करवंटीत हिरवा उरला होता. शार्दूल ती बघून इतका खूश झाला की दोनदा "वा" म्हणाला. आबांनी ती चकती हातात घेतली, उजेडाकडे नेली, बराच वेळ धरून ठेवली.

"बरी जाली," ते म्हणाले आणि आंघोळीला गेले. आंघोळ त्यांची सकाळीच झाली होती.

पहिल्या चकत्या पंधरवड्यात परत आल्या. आमची फजिती झाली होती. पिढ्यान्‌पिढ्या पत्त्यांवर लाख चढवणाऱ्या माणसांच्या हे ध्यानातच आलं नव्हतं, की पत्ते कोणी भिजवत नाही आणि लाखेला दारू सोसत नाही. बिअर सांडली की लाख चिकट व्हायची, ग्लास उचलला की चकतीही बरोबर उठायची आणि गिऱ्हाईक तोंडाशी नेईपर्यंत ती मांडीवर पडायची. शार्दूल हे हसत हसत सांगत होता. शिवाय प्रत्येक चित्रावर ग्लासाच्या बुडाचा पांढरा, गोल डाग उमटला होता.

"होडयेक लावतत ता वार्निश लाव," आबा म्हणाले. "समुद्रात टिकता, तर बिअरीत टिकात."

मी ओसरीवर बसून एकेका चकतीवरची लाख स्पिरिटच्या फडक्याने पुसून काढायला लागले. आबा खांबाला टेकून बघत होते. स्कूटरवाल्या प्रधानाच्या तोंडावर डाग बरोबर मधोमध होता. फेट्यापासून हनुवटीपर्यंत.

"हो डाग जायत?" त्यांनी विचारलं.

"जाईल."

"नीट पूस."

मी नीट पुसला. होडीचं वार्निश लावलं, वाळवलं, शार्दूलकडे धाडलं. त्यानंतर तक्रार आली नाही. आली ती वेगळीच.

"वहिनी, स्कूटरवाला गेला," शार्दूल दारातून म्हणाला.

"गेला म्हणजे?"

"कुणीतरी पळवला! परत काढून द्या ना."

मी परत काढून दिला. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा गेला. मग पुन्हा. कोळीण होती, गुरुजी होते, विडीवाला राजा होता. जायचा तो फक्त स्कूटरवाला. मी एकाच वेळी दोन-तीन करून द्यायला लागले, तेही जायचे. काढता काढता मला तो इतका पाठ झाला की खाली न बघता काढू शकले असते. फेटा, नाक, डोळा, हँडल, गुडघा, पाऊल. काढताना काही वाटायचं नाही. पोळ्या लाटताना तरी काय वाटतं?

शार्दूलला मात्र फार वाटत होतं. दिवाळी उलटल्यावर एका सकाळी तो आला आणि ओसरीवर न बसता उभ्यानेच बोलायला लागला.

"वहिनी, बाटलीची परवानगी मिळाली. आता आपली बिअर बाटलीतून जाणार. कोल्हापूर, पुणे, सगळीकडे. आणि लेबलवर स्कूटरवाला! गिऱ्हाइकांनीच निवडलाय तो. लोक दुसरं काही चोरत नाहीत, फक्त तो चोरतात. ह्याहून मोठी जाहिरात कुठली?"

"लेबलवर," मी म्हटलं.

"पहिला हा. मग कोकमवालीचं वेगळं, गूळवालीचं वेगळं. दर हंगामाला नवीन बिअर, नवीन चित्र. कायमचं काम, वहिनी. खाली तुमचं नावसुद्धा घालू."

मी रविवारी दादाला सांगितलं.

"कायमचं आहे? लेखी?"

"करारच करायचा म्हणतोय."

"आणि आबांना चालतंय?"

"अजून विचारलं नाही."

"विचार. मी गुरुवारनंतर फोन करतो. झालं तर झालं, नाहीतर शनिवारी गाडी घेऊन येतोच. ही शेवटची मुदत, वैजू."

आबांना मी सांगितलं नाही. त्या आठवड्यात ते फारच कमी बोलत होते, आणि मला वाटलं, आधी शार्दूलकडून सगळं पक्कं करून घ्यावं. गुरुवारी शार्दूलचा निरोप आला. एक टाकी गळत होती, त्याला हलता येत नव्हतं, रिकाम्या बाटल्या आल्या आहेत तर वहिनींनीच येऊन माप घ्यावं. लेबल बाटलीला कुठून कुठे गुंडाळलं जाणार ते बघितल्याशिवाय चित्राचा आकार ठरणार नव्हता. आबा दुपारीच छत्री घेऊन दत्तमंदिरात भजनाला गेले होते. दर गुरुवारी जात. मी डोक्यावरून पदर घेतला, पिशवीत कागद, कात्री, पेन्सिल टाकली आणि आयुष्यात पहिल्यांदा काजूफॅक्टरीत गेले.

आत मला वाटलं होतं तसं काही नव्हतं. कौलांमधल्या काचेतून ऊन खाली येत होतं. आंबवलेल्या पिठासारखा वास होता. गोव्याकडचे दोघेतिघे दाराशी बसले होते. शार्दूल गुडघ्यांपर्यंत ओला होता. त्याने एक तपकिरी रिकामी बाटली माझ्या हातात दिली, "कुठेही बसा वहिनी, आलोच," म्हणाला आणि टाकीकडे पळाला.

मी खिडकीकडे वळले. कोपऱ्यातल्या टेबलाशी आबा बसले होते.

इस्त्रीचा पांढरा सदरा, काळी टोपी, खुर्चीला अडकवलेली छत्री. समोर बिअरचा भरलेला ग्लास होता, फेस कधीच बसलेला. ग्लास उघड्या टेबलावर होता आणि चकती त्यांच्या हातात. ती त्यांनी रुमालाने पुसली, उलटसुलट करून बघितली आणि सदऱ्याच्या आत घातली.

मी पुढे गेले. "आबा?"

ते दचकले नाहीत. "बस," म्हणाले.

मी बसले. "भजन?"

"भजन सांजचा असता."

"दर गुरुवारी दुपारी निघता तुम्ही."

"हंय येतंय. मगे थंय जातंय." त्यांनी ग्लास थोडा बाजूला सरकवला. "पियत नाय हां मी. हंय बसूचा तर कायतरी समोर होया ना? एकदा वायंच चाखलंय. कडू असा."

मी त्यांच्या सदऱ्याकडे बघत होते. चकतीचा गोल आतून दिसत होता.

"सगळ्या तुम्हीच नेल्यात?"

"सगळ्यो."

"कुठे आहेत?"

"माझ्या ट्रंकेत. धोतरांच्या खाली."

मला राग यायला हवा होता. महिनोन्‌महिने मी तेच चित्र काढत होते आणि ते धोतरांखाली जात होतं. पण रागही आला नाही. मी नुसतं विचारलं, "का?"

आबांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर काजूची टरफलं जाळून काळी पडलेली जुनी भट्टी होती.

"पयली परत इली ती तू पुसलंस. आठवता? तोंडार डाग होतो. तू पुसलंस आणि परत हंय धाडलंस. मगे माका झोप येयना. परत कोणतरी ग्लास ठेवतलो. तेच्या तोंडार."

"कुणाच्या तोंडावर?"

"दिगूच्या."

त्यांनी सदऱ्यातून चकती काढली आणि आमच्या दोघांच्या मध्ये ठेवली.

"आबा, हे ह्यांचं चित्र नाही," मी म्हटलं. "मी कुणालाच काढलं नव्हतं. नाक बघा, सगळ्यांचं तेच नाक आहे. आणि ह्यांची स्कूटर हिरवी कुठे होती?"

"रंग तुझो," आबा म्हणाले. "बसणा तेचा. पायाकडे बघ."

मी पायाकडे पाहिलं. प्रधानाचा डावा गुडघा बाहेर झुकला होता आणि डाव्या पायातली वहाण टाचेपासून सुटून नुसती अंगठ्याला लोंबत होती. दिगंबर असाच बसायचा. बाजारात जायचा आणि यायचा, वहाण तशीच लोंबती. आबा ओसरीवरून ओरडायचे, एक दिवस पडात ती वहाण. तो म्हणायचा, पडली तर आणीन दुसरी. कधी पडली नाही.

ती मी काढली होती. पहिल्यांदाही आणि नंतर प्रत्येक वेळी. हाताने काढली होती आणि मला सांगितलं नव्हतं.

"माका वाटला तुका म्हायत असा," आबा म्हणाले. "मी म्हटलंय, हिका काय वाटत नाय, ही तेका ग्लासाखाली घालता. मगे एक दिवस तुका काढताना बघलंय. तू खाली बघीत पण नव्हतंस. तेव्हा कळला, हिका म्हायत नाय."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगलंय असतंय तर काढूचा सोडलं असतंस."

टाकीकडून शार्दूलचा आवाज येत होता, तो कुणाला तरी पाना मागत होता. माझ्या हातात अजून ती बाटली होती. आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"आबा, शार्दूलला वाटतंय लोकांना हे चित्र फार आवडतं. लोकच पळवतात असं वाटतंय त्याला. म्हणून तो हेच बाटलीवर छापणार आहे. हजारो बाटल्यांवर. मला कायमचं काम देतोय."

आबा माझ्याकडे बघत राहिले.

"मी त्याला नाही म्हणून सांगते," मी म्हटलं. "लोक नेत नव्हते, तुम्ही नेत होता, हेही सांगते."

"मी काय लोकांत नाय?"

मला हसू आलं असतं. पण हातातल्या बाटलीकडे लक्ष गेलं.

"बाटल्या लोक कुठेही फेकतात आबा. गटारात, रस्त्याच्या कडेला. फोडतात. मी त्याला नाहीच म्हणते."

"मगे तू जातलंस," ते म्हणाले. प्रश्न नव्हता तो. फोनच्या वेळी ते गोठ्याकडे जात, तरी त्यांना सगळं ठाऊक होतं.

"शनिवारी दादा येतोय."

आबांनी मान हलवली. मग त्यांनी हात पुढे केला. "दी."

मी बाटली दिली. त्यांनी ती दोन्ही हातांत धरली, कारण एका हातात ती थरथरली असती. अंगठ्याने मधला भाग चाचपला, जिथे लेबल येणार होतं तिथे. गोव्याकडच्यांपैकी एकाने ग्लास उचलून तोंडाला लावला आणि परत चकतीवर दाणकन ठेवला. आबांनी तिकडे पाहिलं. मग हातातल्या बाटलीकडे पाहिलं.

"ग्लास तेच्या तोंडार ठेवतत," ते म्हणाले. "बाटली तशी नाय. बाटली हातात धरूक लागता."

मी बाटलीकडे पाहिलं.

"फोडतत ती मागसून फोडतत. आधी धरतत. अशी." त्यांनी बाटलीभोवतीची बोटं घट्ट केली. "काढ तू. खंयखंयची माणसां तेका हातात धरतली."

तेव्हा मला रडू आलं. फाल्गुनापासून न आलेलं, भर दुपारी, काजूफॅक्टरीत, लोकांसमोर. पदर तोंडाला लावला तरी आवाज थांबेना. दाराशी बसलेले वळून बघायला लागले. शार्दूल ओल्या पायांनी धावत आला.

"वहिनी! काय झालं? आबा, तुम्ही इथे? काय झालं वहिनींना?"

"काय नाय रे," आबा म्हणाले. "बाटलेचा माप घेता हा."

शार्दूलला काय समजलं कोण जाणे. तो थोडा वेळ उभा राहिला आणि मग पाण्याचा तांब्या आणून ठेवून निघून गेला. मी डोळे पुसले, पिशवीतून कागद काढला आणि टेबलावर पसरला. बाटली मागितली तर आबा ती सोडेनात. कापणारी दोन्ही हातांची बोटं तिच्याभोवती तशीच होती. शेवटी मी कागद त्यांच्या बोटांवरूनच गुंडाळला आणि टोकं जुळली तिथे पेन्सिलीने खूण केली.

माप अर्थातच चुकलं, दुसऱ्या दिवशी मला पुन्हा जावं लागलं.